अमेरिकेचं सरकार म्हणजे लॉक अधिक माँटेस्क्यू अधिक रूसो, एवढं सोपं आहे का?

प्रश्न असा की नोट्समध्ये सगळीकडे एक समीकरण छापलेलं असतं, लॉकने नैसर्गिक हक्क दिले, माँटेस्क्यूने सत्ताविभाजन दिलं, रूसोने जनतेचं सार्वभौमत्व दिलं आणि या तिघांची बेरीज म्हणजे अमेरिकेची राज्यघटना, तर हे कितपत खरं? मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय, डिग्रीच्या मुलांना आणि स्पर्धा परीक्षावाल्यांनाही, आणि हे समीकरण दर बॅचला कोणीतरी घेऊन येतंच. तर घाईत असाल तर एवढंच घ्या: लॉक बऱ्यापैकी खरा, माँटेस्क्यू अर्धा खरा आणि अर्धा उलटा करून वापरलेला, रूसो जवळजवळ नाहीच. आणि ज्याचं नाव तिथे असायला हवं तो स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, त्याचा नोट्समध्ये पत्ताच नसतो. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण खरी मजा तपशिलात आहे.

आधी १७७६ आणि १७८७ वेगळे करा. लोक दोन्ही एकात कालवतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणजे ‘आम्ही राजाशी संबंध का तोडतोय’ याचं वकिली निवेदन आहे. १७८७ ची घटना म्हणजे आता राजा नाही तर रोजचा कारभार चालवायचा कसा याची रचना आहे. पहिल्या कामाला हक्क कुठून येतात हे सांगणारा माणूस लागतो, दुसऱ्याला हातात आलेली सत्ता आवरायची कशी हे सांगणारा. डोनाल्ड लुट्झ नावाच्या अभ्यासकाने १७६० ते १८०५ या काळातल्या अमेरिकन राजकीय लिखाणातले दाखले चक्क मोजले आणि १९८४ मध्ये छापले. सगळ्यात जास्त दाखले बायबलचे निघाले, सुमारे एक तृतीयांश, कारण त्या काळी छापलेली चर्चमधली प्रवचनंही राजकारणावर असायची. पण माणसांमध्ये पहिला माँटेस्क्यू, दुसरा इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन, तिसरा लॉक. रूसो एक टक्क्याच्या आसपास. आणि दशकवार बघितलं तर १७६० आणि ७० च्या दशकात लॉक भरपूर, १७८० च्या दशकात तो एकदम खाली जातो आणि माँटेस्क्यू वर चढतो. म्हणजे भांडण चालू होतं तेव्हा लॉक, घर बांधायला घेतलं तेव्हा माँटेस्क्यू.

आता लॉक. त्याचं ‘टू ट्रीटिझेस ऑफ गव्हर्नमेंट’ १६८९ च्या शेवटी आलं, पुस्तकावर साल १६९० आणि लेखकाचं नाव नाही, ते आपलं असल्याचं त्याने नावानिशी कबूल केलं ते मृत्युपत्रात, १७०४ साली. एवढी भीती का, तर त्यात मांडणीच तशी होती: माणसाला जीवन, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचे हक्क सरकारच्या आधीपासून असतात, सरकार ते राखायला लोकांच्या संमतीने तयार होतं, ती एक प्रकारची विश्वस्त जबाबदारी असते, आणि विश्वस्ताने विश्वासघात केला की लोक मोकळे. या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रबंधाचं शेवटचं, एकोणिसावं प्रकरण, जाहीरनाम्याच्या शेजारी ठेवून वाचा. लॉक तिथे एका आक्षेपाला उत्तर देतोय, की असं सांगितलंत तर लोक उठसूट बंड करतील. तो म्हणतो नाही करणार, लोक राज्यकर्त्यांच्या मोठमोठ्या चुकासुद्धा कुरकूर न करता सोसतात, पण गैरवापरांची लांबलचक मालिका सुरू झाली आणि सगळ्यांचा रोख एकाच दिशेला दिसायला लागला की मग ते उठतात. आता जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचा मसुदा घ्या, तोच क्रम: क्षुल्लक कारणांसाठी जुनी सरकारं बदलू नयेत, माणसं सोसवेल तोवर सोसतात, पण गैरवापरांची लांबलचक मालिका एकच हेतू दाखवायला लागली की ते सरकार उलथणं हा हक्कच नव्हे तर कर्तव्य. ‘लांबलचक मालिका’ हे शब्द थेट लॉकचे आहेत. आणि म्हणूनच जाहीरनाम्याचा मोठा भाग म्हणजे राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्धची तक्रारींची यादी आहे. मुलं ती यादी सोडून देतात, कंटाळवाणी म्हणून, पण अहो ती यादी म्हणजेच ‘मालिका’ सिद्ध करायचा पुरावा आहे, ती नसेल तर लॉकचा युक्तिवाद उभाच राहत नाही.

अजून एक बारकावा. तक्रारी राजाविरुद्ध आहेत, ब्रिटिश पार्लमेंटचं नावसुद्धा घेतलेलं नाही, तक्रारींच्या यादीत फक्त ‘राजाने इतरांशी संगनमत केलं’ एवढा उल्लेख. वास्तविक १७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टपासून सगळं भांडण पार्लमेंटने लावलेल्या करांवरून होतं. पण तोवर वसाहतींची भूमिका अशी झाली होती की पार्लमेंटमध्ये आमचे प्रतिनिधीच नाहीत म्हणजे तिचा आमच्यावर अधिकार कधी नव्हताच, करार होता तो राजाशी, मग मोडायचा तोही त्याच्याशीच. हे लॉकच्या चौकटीत बसवून केलेलं पक्कं वकिली काम आहे.

बाकी जेफरसनने कधीच म्हटलं नाही की मी काही नवीन लिहिलं. १८२५ साली हेन्री ली यांना लिहिलेल्या पत्रात त्याने साफ सांगितलंय की नवी तत्त्वं शोधून काढणं हा उद्देशच नव्हता, अमेरिकन मनात जे होतं ते मांडायचं होतं, आणि आधार म्हणून चार नावं दिलीत: अ‍ॅरिस्टॉटल, सिसरो, लॉक आणि सिडनी. यातला अल्जर्नन सिडनी म्हणजे १६८३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिरच्छेद झालेला इंग्रज प्रजासत्ताकवादी, तेव्हा वसाहतींत लोक त्याला हुतात्मा मानायचे, आता कोणाला नावही आठवत नाही. शिवाय जेफरसनच्या समोर जॉर्ज मेसनने लिहिलेला व्हर्जिनियाचा हक्कांचा मसुदा होता, जून १७७६ चा, त्यात जीवन, स्वातंत्र्य, मालमत्ता मिळवणं आणि सुख-सुरक्षितता शोधणं असं सगळं होतं. जेफरसनने त्याची काटछाट केली, मालमत्ता गाळली आणि सुखाचा शोध ठेवला. त्यावरून ‘बघा, जेफरसन लॉकच्या पुढे गेला’ असं बरंच लिहिलं जातं, पण फार ताणू नका, कारण सुखाच्या शोधावर लॉकनेच मानवी आकलनावरच्या आपल्या वेगळ्या ग्रंथात भरपूर लिहिलंय आणि मालमत्ता तर १७९१ मध्ये घटनेच्या पाचव्या दुरुस्तीत पुन्हा आलीच.

जेफरसन लॉकच्या खरंच पुढे गेला तो धर्माच्या बाबतीत. लॉकची धार्मिक सहिष्णुता मर्यादित होती, नास्तिकांना तो सवलत द्यायला तयार नव्हता, परकीय सत्तेशी निष्ठा असलेल्यांनाही नाही, म्हणजे रोख कॅथलिकांकडे. जेफरसनने १७७६ मध्ये लॉकवर टिपणं काढली, त्यात एक वाक्य आहे, त्याचा भावार्थ असा की तो जिथे थांबला तिथून आपण पुढे जाऊ शकतो. आणि गेलेही. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा जेफरसनने १७७७ मध्ये लिहिला, पुढे घटनेचा मुख्य शिल्पकार ठरलेल्या जेम्स मॅडिसनने १७८६ मध्ये पास करून घेतला, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीची वाट तिथूनच तयार झाली. मला विचाराल तर प्रबोधनकाळाचा अमेरिकन सरकारवरचा सगळ्यात स्वच्छ ठसा हाच.

आता १७८७ कडे. मधली अकरा वर्षं नोट्समध्ये गायब असतात आणि खरा मसाला तिथे आहे. १७७६ नंतर बहुतेक राज्यांनी नव्या घटना केल्या, गव्हर्नर म्हटलं की राजाचा माणूस आठवायचा म्हणून त्याचे पंख छाटले आणि सगळी सत्ता विधिमंडळाला दिली. पेनसिल्व्हेनियाने तर एकच सभागृह ठेवलं. लोकांनी निवडलेलं विधिमंडळ आहे म्हटल्यावर भीती कशाची, अशी समजूत. मग अनुभव आला. जेफरसनने व्हर्जिनियावरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की १७३ जुलमी माणसं ही एका जुलमी माणसाइतकीच जाचक असणार, निवडून आलेली हुकूमशाही मिळवायला आम्ही लढलो नव्हतो. १७३ म्हणजे व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची सदस्यसंख्या. वर केंद्राची अवस्था अशी की आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन या राज्यांमधल्या पहिल्या करारनाम्याखाली काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नाही, राज्यांपुढे हात पसरायचे. त्यात १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली उठाव केला. लॉककडे याला उत्तर नव्हतं. सरकार कधी पाडावं हे तो छान सांगतो, पण बहुमतच अन्याय करायला लागलं तर काय करायचं यावर त्याच्याकडे फारसं काही नाही.

मग माँटेस्क्यू. ‘स्पिरिट ऑफ लॉज’ १७४८ चं, इंग्रजी भाषांतर १७५० चं. अकराव्या भागातलं सहावं प्रकरण, इंग्लंडच्या राज्यपद्धतीवरचं, तेवढं एक प्रकरण अमेरिकेत सगळ्यात जास्त वाचलं गेलं असेल. त्यात कायदा करणं, अंमल करणं आणि न्याय देणं अशा तीन सत्ता येतात आणि त्या एका हातात गेल्या की स्वातंत्र्य संपलं असं तो म्हणतो. लॉकच्याही तीन सत्ता आहेत बरं का, पण त्याची तिसरी सत्ता परराष्ट्र व्यवहाराची आहे, न्यायालयाला तो वेगळी सत्ता म्हणून उभंच करत नाही. परीक्षेत ‘सत्ताविभाजन, लॉक की माँटेस्क्यू’ असं आलं की हा फरक लिहा, मार्क मिळतील.

गंमत अशी की माँटेस्क्यूने इंग्लंडमध्ये जे बघितलं ते तिथे नीट नव्हतंच. तो १७२९ ते ३१ तिकडे राहिला, तेव्हा रॉबर्ट वॉलपोल पार्लमेंटमध्ये बसून मंत्रिमंडळ चालवत होता, म्हणजे कायदेमंडळ आणि कार्यकारी सत्ता एकमेकांत चांगलीच मिसळलेली. इंग्लंडबद्दलची ही अर्धवट कल्पना अमेरिकेने प्रत्यक्षात आणली. घटनेच्या पहिल्या कलमात सहावा विभाग बघा, सरकारी पदावर असलेला माणूस काँग्रेसचा सदस्य होऊच शकत नाही. आपल्याकडे बरोबर उलटं, मंत्री सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचा सदस्य झाला नाही तर मंत्रिपद जातं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना ही तुलना केली होती, अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, आपण जबाबदारीला जास्त महत्त्व दिलं. ते भाषण वाचाच, दोन्ही पद्धती एवढ्या कमी शब्दांत दुसऱ्या कोणी समजावल्या नसतील.

पण तिन्ही सत्ता पूर्ण वेगळ्या, असंही अमेरिकेत नाही. राष्ट्राध्यक्षाला व्हेटो आहे म्हणजे तो कायदे करण्यात हात घालतो, नेमणुका आणि तहांना सिनेटची संमती लागते म्हणजे सिनेट अंमलबजावणीत हात घालतं, महाभियोग चालवताना तेच सिनेट न्यायालय होतं. १७८७ मध्ये घटनेचे विरोधक हेच म्हणत होते, की तुम्ही माँटेस्क्यूचं नाव घेता आणि त्याचाच नियम मोडता. मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’ या घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या लेखमालेच्या ४७ व्या लेखात याला उत्तर दिलंय. आधी माँटेस्क्यूला मान देतो, या विषयात सगळे ज्याचा कौल लावतात तो हाच म्हणतो, आणि मग सांगतो की बाबांनो, तो ज्या इंग्लंडला आदर्श मानतो तिथेही राजाला कायदे नाकारायचा अधिकार आहेच, म्हणजे त्याचं म्हणणं एवढंच की एका सत्तेची सगळी ताकद दुसऱ्या सत्तेची सगळी ताकद धरणाऱ्याच्याच हातात जाऊ नये, थोडी सरमिसळ चालते. फेब्रुवारी १७८८ मधला ५१ वा लेख आणखी पुढे जातो. कागदावर रेषा आखून भागत नाही, प्रत्येक सत्तेला दुसरीला अडवायचं हत्यारही द्या आणि कारणही द्या, महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच अडवायचं, माणसं देवदूत असती तर सरकार लागलंच नसतं. हा सूर माँटेस्क्यूपेक्षा ह्यूमचा आहे. राज्यव्यवस्था आखताना प्रत्येक माणूस लबाड आहे असंच धरून चाला, असं ह्यूमने १७४१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

आणि आता माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात भारी जागा, जिथे माँटेस्क्यूला सरळ उलटा केला. त्याचं ठाम मत होतं की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं, मोठ्या राज्यात सार्वजनिक हित हजार भानगडींत हरवतं. घटनेच्या विरोधकांचं मुख्य शस्त्र हेच. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १७८७ पासून जे लेख आले त्यातल्या पहिल्याच लेखात माँटेस्क्यूचा हा उतारा आहे, की एवढ्या अफाट देशावर एक प्रजासत्ताक सरकार चालणारच नाही. फेडरलिस्टचा दुसरा लेखक अलेक्झांडर हॅमिल्टन, त्याने नवव्या लेखात माँटेस्क्यूचंच दुसरं पान काढलं, त्याने संघराज्याची स्तुतीही केलीय ते बघा, शिवाय त्याच्या मापाने गेलो तर आमची आजची कितीतरी राज्यंही मोठीच ठरतात, मग काय त्यांचे तुकडे करायचे? पण हा झाला वादातला डाव. मॅडिसनने दहाव्या लेखात मूळ गृहीतकच उखडलं. माणसं आहेत तिथे गट पडणार, त्यांचं सगळ्यात नेहमीचं आणि टिकाऊ कारण मालमत्तेची असमान वाटणी, गट बंद करायचे तर स्वातंत्र्यच बंद करावं लागेल. मग लहान राज्यात काय होतं, गट थोडे, एखाद्याला पटकन बहुमत मिळतं आणि तो बाकीच्यांना चिरडतो. राज्य मोठं केलं की गट इतके होतात आणि इतके पसरलेले असतात की कोणा एकाला अन्यायासाठी बहुमत जुळवणं अवघड. म्हणजे ज्याला सगळे रोग म्हणत होते तेच त्याने औषध म्हणून दिलं. याचं बी ह्यूमच्या १७५२ च्या आदर्श प्रजासत्ताकावरच्या निबंधात सापडतं, फ्रान्सएवढ्या मोठ्या देशात प्रजासत्ताक चालणार नाही ही समजूत खोटी आहे असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि डग्लस अडेर या इतिहासकाराने १९५७ मध्ये हा धागा दाखवून दिला. मॅडिसन प्रिन्स्टनला शिकला तेव्हा तिथला प्रमुख होता जॉन विदरस्पून, स्कॉटलंडहून आलेला धर्मगुरू. ह्यूमच्या धर्मविषयक मतांना त्याचा कडवा विरोध, पण स्कॉटिश विचार अमेरिकेत पोचला त्यात त्याचा मोठा हात.

म्हणून मी ‘प्रभाव’ हा शब्द जपून वापरायला सांगतो. ही माणसं, त्यातले कितीतरी पेशाने वकील, तत्त्वज्ञ वाचायची ती वकील जुने निकाल वाचतो तशी, उपयोगी तेवढं उचलायचं, अडचणीचं असेल ते वेगळं करून दाखवायचं. मॅडिसनने १७८७ च्या घटना अधिवेशनासाठी फिलाडेल्फियाला जायच्या आधी जेफरसनकडून पॅरिसहून पेट्या भरून पुस्तकं मागवली आणि प्राचीन-अर्वाचीन संघराज्यं का बुडाली यावर टिपणं काढली, म्हणजे सिद्धांतापेक्षा इतिहास. अधिवेशनात १३ ऑगस्टला जॉन डिकिन्सन म्हणाला की अनुभव हाच आपला वाटाड्या, बुद्धी चकवू शकते. तर्कबुद्धीचं शतक म्हणतात त्या काळातलं हे वाक्य! आणि अनुभव होताही, व्हर्जिनियाची निवडून आलेली सभा १६१९ पासूनची, १६८९ चा इंग्लिश बिल ऑफ राइट्स तर इतका अंगवळणी पडलेला की आठव्या दुरुस्तीतली क्रूर शिक्षांवरची बंदी जवळजवळ त्यातूनच उचललीय. तिथे मुलं गुन्हे आणि शिक्षांवर लिहिणाऱ्या इटालियन बेकारियाचं नाव लिहितात. बेकारिया वाचला जायचा हे खरं, जॉन अ‍ॅडम्सने १७७० मध्ये बॉस्टन हत्याकांडातल्या ब्रिटिश सैनिकांच्या बाजूने खटला लढताना सुरुवातच त्याच्या अवतरणाने केली, पण त्या कलमाचे शब्द इंग्लंडचे आहेत.

रूसोबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अखंड, अविभाज्य सामूहिक इच्छा ही कल्पना आणि सत्तेचे तुकडे करून एकमेकांवर पहारा ठेवणं ही कल्पना, दोन्ही एका घरात नांदत नाहीत. रूसो फ्रान्सच्या प्रश्नात लिहा.

आता जे नोट्समध्ये येतच नाही ते. स्वातंत्र्याचा हा सगळा सिद्धांत मांडणारा लॉक, रॉयल आफ्रिकन कंपनी या गुलामांच्या व्यापारातल्या कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते, आणि कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या घटनेच्या कामात तो सचिव म्हणून होता तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता दिलेली आहे. मेसनच्या मसुद्यात सगळे जन्मतः स्वतंत्र असं आल्यावर व्हर्जिनियाच्या सभासदांनी मध्ये ‘समाजात प्रवेश करताना’ असे शब्द घुसवले, म्हणजे गुलाम त्या समाजात धरायलाच नकोत. जेफरसनच्या मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला, आणि लिहिणारा स्वतः शेकडो गुलामांचा मालक. १७८७ च्या घटनेत प्रतिनिधी मोजताना गुलाम तीन पंचमांश धरला, व्यापारावर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही असं ठरवलं, आणि हे सगळं ‘गुलाम’ हा शब्द एकदाही न वापरता. यावर ‘काळाची मर्यादा’ म्हणून पडदा टाकणं मला पटत नाही, कारण त्याच काळातला माँटेस्क्यू पंधराव्या भागात गुलामीच्या समर्थकांची बोचरी टिंगल करतो आणि हीच माणसं त्याची बाकीची पानं पाठ म्हणत होती. पण मांडलेली तत्त्वं मांडणाऱ्यांच्या ताब्यात राहत नाहीत हेही तितकंच खरं. महात्मा फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना.

मूळ वाचायचं असेल तर क्रम असा ठेवा: लॉकच्या दुसऱ्या प्रबंधाचं पाचवं आणि एकोणिसावं प्रकरण, लगेच जाहीरनामा पूर्ण, तक्रारींच्या यादीसकट. मग माँटेस्क्यूचं ते एक प्रकरण, ब्रूटसचा पहिला लेख, आणि त्याला लागून फेडरलिस्टचे ९, १०, ४७ आणि ५१. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी वाचायच्या फंदात पडू नका. ७८ वा मात्र शेवटी घ्या, न्यायालयांवरचा, हॅमिल्टनचा. त्यातही माँटेस्क्यू आहे, तिन्हींत न्यायसत्ता जवळजवळ काहीच नाही या त्याच्या वाक्याचा आधार घेऊन हॅमिल्टन म्हणतो की मग घाबरता कशाला, न्यायाधीशांना तहहयात नेमा आणि घटनेविरुद्धचे कायदे रद्द करू द्या. सगळ्यात दुबळी सत्ता म्हणून हा अधिकार मागितला, आणि पंधरा वर्षांत, १८०३ च्या मार्बरी खटल्यात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो वापरूनही दाखवला.